चुंबकीय मेंदू-उत्तेजन आणि गर्द, अफू, वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘चुंबक लावून व्यसन सोडवतात म्हणे, खरे आहे का?’ अशा आशयाची विचारणा गेल्या काही काळात सतत होते. विचारणाऱ्यांत आई-वडील आहेत, भावंडे आहेत, आणि स्वतः वापर करणारेही आहेत. त्या प्रश्नांतले वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ‘ओपिऑइड’ हा शब्द येथे अफू, गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइन, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, कोडीनयुक्त कफ सिरप आणि त्यांच्या जातकुळीतल्या सर्व पदार्थांसाठी वापरला आहे. कोणत्याही एका रुग्णाचा निर्णय त्याच्या मनोविकारतज्ज्ञाशी बोलूनच घ्यावा.

१. हा चुंबकीय उपचार म्हणजे नेमकं काय असतं?

याचे पूर्ण नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. बोलताना सगळे टीएमएसच म्हणतात. डोक्याला टेकवून तारेचे एक वेटोळे धरतात आणि त्यातून क्षणार्धासाठी काही हजार अँपिअरचा प्रवाह सोडतात. त्यामुळे सुमारे दीड ते दोन टेस्ला तीव्रतेचे, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचे, चुंबकीय क्षेत्र मिलिसेकंदाहून कमी काळासाठी उभे राहते आणि लगेच मावळते. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण करते, हे फॅराडेने १८३१ मध्ये दाखवले होते. येथे तो वाहक म्हणजे कवटीखालचा मेंदूचा पृष्ठभाग. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे माणसावर प्रथम करून दाखवले.

नेहमीचे वेटोळे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे असते, आपल्या ‘८’ सारखे नव्हे. त्याचा परिणाम टाळूपासून, म्हणजे डोक्याच्या त्वचेपासून, दोन-तीन सेंटीमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. ‘एच-कॉइल’ नावाची वेगळी रचना थोडी अधिक खोल आणि अधिक विस्तृत भागावर काम करते.

२. म्हणजे हा शॉकच ना?

नाही. ज्याला लोक शॉक म्हणतात त्या ईसीटीमध्ये रुग्णाला भूल देऊन मुद्दाम नियंत्रित झटका आणला जातो. टीएमएसमध्ये झटका येऊ नये, हीच काळजी घेतली जाते. रुग्ण खुर्चीत जागा असतो आणि सत्र संपल्यावर स्वतःच्या पायांनी घरी जातो. कवटीला छिद्र पाडून मेंदूत खोलवर तारा बसवणे ही तिसरीच गोष्ट. ओपिऑइडच्या व्यसनासाठी तसा प्रयोग अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात २०१९ मध्ये सुरू झाला. ती शस्त्रक्रिया आहे आणि तिची चर्चा या पानावर केलेली नाही.

३. व्यसन तर मनाचं असतं. मेंदूचा एक भाग टिचकवून ते कसं सुटेल?

‘सुटेल’ असा दावा कोणी जबाबदार संशोधक करत नाही. कल्पना अशी आहे: दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्यावर बक्षिसाची जाणीव देणारी खोलवरची केंद्रे पदार्थाशी संबंधित प्रत्येक खुणेला, म्हणजे पन्नीच्या आवाजाला, ठरावीक कोपऱ्याला, ठरावीक मित्राच्या फोनला, जोरात प्रतिसाद देऊ लागतात. त्याच वेळी ‘थांब, परिणाम आठव’ असे सांगणारा कपाळामागचा भाग क्षीण पडतो. टीएमएसने बहुधा डावीकडच्या याच भागाला, डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, चेतवले जाते.

आता बक्षीसकेंद्रे दोन-तीन सेंटीमीटरांच्या आवाक्यात नाहीत. मग त्यांच्यावर परिणाम कसा व्हावा? या शंकेला एक जुने उत्तर आहे. मॉन्ट्रियलमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कपाळामागच्या भागावर स्पंदने दिल्यावर खोल असलेल्या कॉडेट केंद्रकात डोपामिन, म्हणजे बक्षिसाच्या जाणिवेशी जोडलेले रसायन, सुटल्याचे पेट स्कॅनवर (मेंदूतले रासायनिक व्यवहार टिपणाऱ्या चित्रणात) दिसले. दोन भागांना जोडणाऱ्या वाटेवरून परिणाम आत जातो, एवढे त्यातून कळते. दुसरा धागा २००७ चा आहे. मेंदूच्या ‘इन्सुला’ या भागाला इजा झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची सिगारेट विनासायास सुटली आणि तलफच उरली नाही, असे तेव्हा आढळले. मेंदूतला एखादा भाग गप्प झाला तर तलफ जाऊ शकते, ही शक्यता त्या रुग्णांनी दाखवली. इन्सुलापर्यंत पोहोचू पाहणारी वेटोळी त्यानंतर व्यसनाच्या संशोधनात आली.

४. गर्द किंवा गोळ्यांच्या व्यसनासाठी याला मान्यता आहे का?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, टीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये, विचार-कृती अनिवार्यतेच्या आजारासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, २०१८ मध्ये आणि प्रौढांना सिगारेट सोडताना अल्पकालीन मदत म्हणून २०२० मध्ये परवानगी दिली. ओपिऑइडच्या व्यसनासाठी ती दिलेली नाही. ‘व्यसनासाठी एफडीए-मान्य’ अशी जाहिरात दिसली, तर ती मान्यता तंबाखूच्या धुराची आहे आणि ती गर्दच्या खात्यावर जमा केली जात आहे, हे ओळखावे. दोन्हींत तलफ असते हे खरे. पण सिगारेटकडे परतलेला माणूस त्याच रात्री दगावत नाही. हा फरक प्रश्न ८ मध्ये पुन्हा येईल.

५. मग ओपिऑइडवर पुरावा आहे तरी किती?

आहे, पण लहान गटांचा आणि मुख्यतः तलफ मोजणारा. चीनमध्ये दीर्घकाळ हेरॉइन घेणाऱ्या २० जणांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वाधिक उद्धृत होतो. डाव्या कपाळामागच्या भागावर सेकंदाला १० स्पंदने दिल्यावर, हेरॉइनची दृश्ये पाहताना जागणारी तलफ एका सत्रानंतर कमी झाली आणि सलग पाच सत्रांनंतरही कमीच राहिली. त्यानंतरचे काही अभ्यासही याच दिशेचे आहेत.

मात्र हे वाचताना तीन गोष्टी विसरू नयेत. एक, तलफ मोजण्याची रीत. रुग्णाला एक रेघ देतात, जिच्या एका टोकाला ‘मुळीच नाही’ आणि दुसऱ्या टोकाला ‘अनावर’ असते, आणि त्याने तीवर खूण करायची असते. बंद वॉर्डात बसलेल्या माणसाने ७० ऐवजी ४० वर खूण केली म्हणजे सुटी झाल्यावर तो आपल्या नाक्यावरून सरळ पुढे जाईलच, असे नाही. सहा महिन्यांच्या लघवीच्या तपासण्यांत काय निघाले, हा खरा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे फार थोडी आहेत. दोन, खोटे वेटोळे. आवाज करणारे पण क्षेत्र न सोडणारे यंत्र तुलनेसाठी वापरतात. त्या गटातही सुधारणा दिसते, कारण रोज कोणीतरी आस्थेने विचारपूस करते, तासभर वेळ देते, आशा देते. तीन, प्रत्येक अभ्यासाची स्पंदनांची गती, जागा, सत्रसंख्या वेगळी असते, त्यामुळे पाच लहान अभ्यासांची बेरीज एका मोठ्या अभ्यासाएवढी होत नाही.

मोठा अभ्यास कसा असतो, ते सिगारेटच्या चाचणीवरून दिसते. १४ केंद्रे, २६२ सहभागी, तीन आठवडे रोज आणि पुढे तीन आठवडे आठवड्यातून एकदा असे उपचार, आणि प्रत्येक सत्राआधी तलफ मुद्दाम जागवून मग स्पंदने. अठराव्या आठवड्यापर्यंत सिगारेटपासून सलग दूर राहिलेले खऱ्या उपचाराच्या गटात १९.४ टक्के होते आणि खोट्या उपचाराच्या गटात ८.७ टक्के. म्हणजे दुपटीहून अधिक; आणि तरीही दर पाचांतले चार जण सुटले नाहीत. मान्यता मिळालेल्या उपचाराचे हे चित्र आहे. ओपिऑइडसाठी या तोलामोलाचा पुरावा अजून उभा राहायचा आहे.

६. सत्रात प्रत्यक्ष काय होतं? दुखतं का?

पहिल्या दिवशी मात्रा ठरवतात आणि तो भाग पाहण्यासारखा असतो. वेटोळे डोक्याच्या बाजूला, हाताची हालचाल चालवणाऱ्या पट्टीवर धरून एकेक स्पंदन देतात. रुग्णाचा हात मांडीवर सैल ठेवलेला असतो. जागा जुळली की अंगठा रुग्णाच्या इच्छेविना टुणकन उडतो. बहुतेक जण येथे हसतात, काही दचकतात. किती तीव्रतेला अंगठा जेमतेम उडतो, ही त्या व्यक्तीची पातळी, आणि तिच्या टक्केवारीत पुढची मात्रा लिहिली जाते. ज्या ठिकाणी ही पायरी गाळून सर्वांना एकच आकडा लावतात, तेथून उठून यावे.

नंतर वेटोळे कपाळाच्या बाजूला सरकवतात. सुतारपक्ष्याने लाकूड टोचावे तसा टकटक आवाज येतो, म्हणून कानात बोळे घालणे सक्तीचे असते. टाळूवर टिचक्या बसल्यासारखे वाटते, भुवई किंवा जबडा फडफडतो. जुन्या पद्धतीचे सत्र साधारण ३७ मिनिटांचे असते, तर ‘थीटा बर्स्ट’ पद्धतीत ६०० स्पंदने तीन मिनिटांच्या आसपास संपतात. आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे, हा नैराश्याच्या उपचारातला परिपाठ. व्यसनाच्या अभ्यासांत सत्रे पुष्कळदा याहून कमी असतात.

७. टर्कीत, म्हणजे पदार्थ थांबवल्यावरच्या त्रासात, याचा उपयोग होतो का?

टर्कीसाठी टीएमएस हा प्रस्थापित उपचार नाही. हाडे फुटल्यासारखी दुखत असताना, नाक-डोळे वाहत असताना आणि जुलाब होत असताना अर्धा तास डोके स्थिर ठेवून बसणे रुग्णाला शक्यही नसते. त्या दिवसांसाठी ब्युप्रेनॉर्फिन, क्लोनिडीन यांसारखी औषधे आहेत. कानामागे चिकटवून कानाजवळच्या नसांना हलका विद्युतप्रवाह देणारे एक उपकरण अमेरिकेत २०१७ मध्ये याच लक्षणांसाठी मान्य झाले. ते टीएमएस नव्हे, पण बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

८. भाऊ ब्युप्रेनॉर्फिनवर आहे. ‘एक व्यसन सोडून दुसरं’ असं सगळे म्हणतात. ती गोळी बंद करून टीएमएस घ्यावं का?

नाही. या पानावरचे एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचावे.

ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधे तलफ आणि टर्की दोन्ही आवरतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणूस जिवंत ठेवतात. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, मेथाडोन चालू असताना दर हजार रुग्णवर्षांमागे (म्हणजे हजार रुग्ण वर्षभर पाहिले तर) ११.३ मृत्यू होते आणि उपचाराबाहेर गेल्यावर ३६.१. ब्युप्रेनॉर्फिनसाठी हेच आकडे ४.३ आणि ९.५ होते. टीएमएसबाबत मृत्यू कमी झाल्याचा असा कोणताही पुरावा नाही.

गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांत शरीराची सहनशक्ती उतरते. मग एखाद्या संध्याकाळी पाय घसरतो आणि हात सवयीने जुनीच मात्रा घेतो. ती मात्रा आता श्वास थांबवायला पुरेशी असते. टीएमएसने तलफ थोडी कमी झाली असेल, तर हा धोका जात नाही, उलट घरच्यांची बेफिकिरी वाढते. म्हणून टीएमएस घ्यायचेच असेल, तर गोळी चालू ठेवून, तिच्या जोडीने. ‘दुसरं व्यसन’ म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे की रोज ठरलेल्या वेळी जिभेखाली गोळी ठेवून कामावर जाणारा माणूस आणि रोज सकाळी पैशांसाठी घरातली वस्तू शोधणारा माणूस एकच आहेत का.

९. यामुळे फिट येऊ शकते असं वाचलं. किती खरं?

शक्यता आहे, पण दुर्मीळ. नियम पाळून केलेल्या उपचारात हजार रुग्णांत एकाहूनही कमी. डोके दुखणे आणि टाळू हुळहुळणे हे त्रास मात्र नेहमीचे आहेत आणि सहसा पहिल्या आठवड्यात कमी होतात.

ओपिऑइडच्या रुग्णांत मात्र हे गणित थोडे बदलते. ट्रॅमाडॉल हे औषध स्वतःच फिट येण्याची मर्यादा खाली आणते, म्हणजे फिट अधिक सहज येते, आणि आपल्याकडे मेडिकलमधून मिळवलेल्या ट्रॅमाडॉलची सवय लागलेले रुग्ण कमी नाहीत. २०१८ मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणावे लागले ते उगाच नव्हे. जोडीला दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या, झोपेच्या गोळ्या असतील आणि त्या नुकत्याच, अचानक थांबवल्या असतील, तर धोका आणखी वाढतो. पुष्कळ रुग्ण तपासणीत गर्दची कबुली देतात आणि गोळ्यांची लपवतात, कारण ‘डॉक्टरी औषध’ त्यांना मोजण्यासारखे वाटत नाही. येथे ते लपवू नये. रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशीचे सत्र पुढे ढकलावे.

१०. दातात चांदी भरली आहे, पायात रॉड आहे. चालेल का?

दोन्ही चालतात. डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू असेल तर अडचण असते: कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, मेंदूत बसवलेल्या तारा, डोक्यात राहिलेला छर्रा. पेसमेकर असल्यास हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

११. मला गोळ्यांचं व्यसन आहे आणि जोडीला नैराश्यही आहे. मग तर मान्यता लागू होते ना?

नैराश्यासाठी लागू होते, आणि हा अपवाद महत्त्वाचा आहे. औषधांना दाद न देणारे नैराश्य असेल, तर त्यासाठी टीएमएस घेणे हा मान्य मार्ग आहे आणि मेंदूतली लक्ष्याची जागाही बहुधा तीच डावीकडची असते. नैराश्य हटल्याने वापर कमी होणे शक्य आहे. पण उपचार नैराश्याचा झाला, असेच कागदावर लिहावे आणि मनातही तसेच धरावे. फिटचा धोका तपासणे (प्रश्न ९) आणि ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणे (प्रश्न ८) हे दोन्ही नियम येथेही तसेच लागू राहतात.

१२. वडिलांना दुखण्यासाठी डॉक्टरांनीच मॉर्फिन दिलं आहे. त्यांनाही हे लावावं का?

वेदनेसाठी सांगितल्याप्रमाणे मॉर्फिन घेणारा कर्करुग्ण व्यसनी नसतो. त्याच्या शरीराला औषधाची सवय होते, ती वेगळी गोष्ट आहे. वडिलांना व्यसनमुक्तीची नाही, वेदना नीट आवरण्याची गरज आहे, आणि भीतीपोटी त्यांचे मॉर्फिन कमी करू नये.

या निमित्ताने एक रंजक धागा सांगण्यासारखा आहे. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या २० रुग्णांवर अमेरिकेत केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शस्त्रक्रियेनंतर लगेच २० मिनिटांचे एकच सत्र दिलेल्यांनी स्वतःच्या हातातल्या पंपातून सुमारे ४० टक्के कमी मॉर्फिन घेतले. पुढे २०१२ मध्ये असे दिसले की नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम रोखणारे औषध, आधी टोचले तर टीएमएसची वेदनाशामक क्षमता मावळते. म्हणजे कपाळामागे दिलेली स्पंदने शरीराच्या स्वतःच्या ओपिऑइड यंत्रणेला हात घालतात. व्यसनाच्या संशोधकांना या उपचाराचे आकर्षण वाटते त्यात या निरीक्षणाचाही वाटा असावा, असे मला वाटते.

१३. ऑनलाइन मिळणारी चुंबकीय टोपी घरी वापरली तर?

पैसे वाया जातील. स्थिर चुंबक कितीही वेळ डोक्यावर ठेवला तरी मेंदूत प्रवाह निर्माण होत नाही. क्षेत्र झपाट्याने बदलावे लागते (प्रश्न १) आणि त्यासाठी लागणारी वीज बॅटरीवरच्या टोपीत नसते.

१४. एका खाजगी ठिकाणी पॅकेज सांगितलं आहे. घ्यायच्या आधी काय विचारावं?

मनोविकारतज्ज्ञ स्वतः तपासणार का? अंगठ्याची पातळी प्रत्येकाची काढतात का? फिट आली तर खोलीत काय सोय आहे? हा उपचार ओपिऑइडसाठी अद्याप प्रायोगिक आहे, असे संमतिपत्रात मराठीत लिहिले आहे का? शेवटचा प्रश्न विचारताच समोरच्याचा चेहरा पाहावा. ‘आमच्याकडे शंभर टक्के’ असे उत्तर आले, तर चर्चा तेथेच थांबवावी. एका परिचित कुटुंबाने अशाच आश्वासनावर दागिने मोडून वीस सत्रांचे पैसे आगाऊ भरले; मुलगा सातव्या सत्रानंतर गेला नाही आणि उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्याची ब्युप्रेनॉर्फिन मात्र पहिल्याच दिवशी बंद करण्यात आली होती.

खर्चाचा विचार करताना केवळ शुल्क धरू नये. वीस-तीस दिवसांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी धरावी. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या ओएसटी, म्हणजे नशेऐवजी ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देणाऱ्या, केंद्रांत औषध मोफत मिळते. जवळचे केंद्र कोठे आहे, हे १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येते. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे.

१५. महाराष्ट्रात ही समस्या खरंच आहे का, की हे पंजाबचं दुखणं?

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, उपचाराची गरज असलेले ओपिऑइड वापरणारे देशात सुमारे ७७ लाख आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले, ते शहरात ब्राऊन शुगर शिरल्यामुळेच.

१६. तो तयार नाही. फसवून नेलं तर चालेल का?

कायद्याने चालत नाही आणि व्यवहारातही जमत नाही. वीस दिवस रोज खुर्चीत बसवून ठेवणे फसवून होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींनाही लागू आहे आणि तो रुग्णाची माहितीपूर्ण संमती मागतो. पोलिसांच्या भीतीने कोणी पुढे येत नसेल, तर हे सांगावे: अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेतले जाऊ शकते.

१७. गरोदरपणात घेता येईल का?

व्यसनासाठी नको. गरोदरपणात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू ठेवणे हाच स्वीकृत मार्ग आहे. पदार्थ किंवा औषध अचानक तोडण्यात गर्भाला धोका असतो.

१८. कोर्स झाला, तीन महिने बरे गेले आणि परवा पुन्हा घेतलं. परत सत्रं सुरू करावीत का?

आधी पहिली गोष्ट: त्या दिवशी घेतलेली मात्रा जुन्या मात्रेएवढी होती का, हे विचारावे, कारण धोका तेथे आहे (प्रश्न ८). त्यानंतर ब्युप्रेनॉर्फिन चालू होते का, मध्येच सुटले का, हे पाहावे. बहुतेक वेळा उत्तर येथेच सापडते. टीएमएसचा परिणाम आठवड्यांनी ओसरणे अनपेक्षित नाही. पुन्हा काही सत्रे देण्याची पद्धत नैराश्यात रूढ आहे, ओपिऑइडमध्ये तिचे वेळापत्रक ठरलेले नाही. सत्रे पुन्हा घ्यायची की नाही, हा निर्णय एक आठवडा थांबू शकतो; औषध पुन्हा सुरू करणे थांबू शकत नाही.

आणि घरात हे सर्वांना माहीत असावे: हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा अडखळत असेल, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर १०८ ला फोन करून त्याला कुशीवर वळवावे, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्यावा, आणि आलेल्या डॉक्टरांना काय घेतले आहे ते स्पष्ट सांगावे, म्हणजे त्यांना नॅलोक्सोन देता येईल.